पनवेलचे क्षितिज कोणी आखायचे?

शहर मोठे होऊ लागले की त्याला उंचीचे वेध लागतात, हा जगाचा अनुभव आहे आणि पनवेल त्याला अपवाद ठरण्याचे काही कारण नाही. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने बंदराचे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूने या परिसराला मुंबई जवळ केली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. अशा गावात आता तीनशे मीटरांची एखादी इमारत उभी राहावी की नाही, ती येथील आकाशरेषेस शोभेल की नाही, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही.

तीनशे मीटर वा त्याहून उंच इमारतीस आजकाल 'सुपरटॉल' म्हणतात. मुंबईत वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर 'पॅले रोयाल' सुमारे ३२० मीटरांवर गेला, आणि महालक्ष्मीचा 'मिनर्व्हा' तीनशेची रेघ ओलांडून उभा राहिला. पनवेलला मात्र अशी इमारत तूर्त होणे नाही. विमानतळाभोवतीच्या बांधकामांस आंतरराष्ट्रीय संकेतांप्रमाणे उंचीची मर्यादा असते. धावपट्टीपासून सुमारे चार किलोमीटरांच्या टापूत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर, आणि पुढे ती चढत जाऊन पंधरा किलोमीटरांपर्यंत १५० मीटर, असे तिचे सर्वसाधारण प्रमाण आहे. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार वीस किलोमीटरांच्या परिघात विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. पनवेल शहर या परिघात अगदी आतल्या बाजूस आहे. तेव्हा गगनचुंबी इमारतीला येथील आकाश बंद आहे हे खरे. पण ते विमानांनी बंद केले आहे, पनवेलच्या नागरिकांनी नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कारण काहीही असो, आकाशरेषा तर वाचली! आमच्या मते ही समजूत फसवी आहे. पनवेलची आकाशरेषा इमारतींची कधीच नव्हती. पूर्वेस माथेरान आणि प्रबळगडाची रांग, तिच्या टोकाला कलावंतिणीचा सुळका, दक्षिणेस आंगठ्यासारखा उभा राहिलेला कर्नाळा, ही या गावाची आकाशरेषा होय. कर्नाळ्याच्याच परिसरातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. मुंबईला आपली आकाशरेषा हाताने घडवावी लागली. पनवेलला ती निसर्गाने दिली.

आता थोडे गणित करून पाहावे. प्रबळगड सुमारे सातशे मीटर उंच आहे आणि शहरापासून सरळ रेषेत सुमारे बारा किलोमीटरांवर आहे. पाहणाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरावर पंचेचाळीस मीटरांची, म्हणजे पंधरा-एक मजल्यांची इमारत उभी राहिली की तिच्यामागे प्रबळगडाची पूर्ण उंची बुडून जाते. तीनशे मीटरांचा एकच सडपातळ मनोरा डोंगराचा एक अरुंद पट्टा झाकील. परंतु पंधरा-वीस मजल्यांच्या इमारतींची सलग रांग अख्ख्या डोंगराला भिंत घालील. विमानांना या भिंतीची अडचण नाही, म्हणून नियमालाही तिची अडचण नाही. भीती घालण्यासाठी आपण सुपरटॉलचे नाव घेतो आणि प्रत्यक्षात क्षितिज हरवते ते साध्या, नियमात बसणाऱ्या, रीतसर मंजूर झालेल्या इमारतींच्या मागे.

यातील विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. विमाने उतरावीत म्हणून उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरविण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. विमानांच्याच सुरक्षिततेसाठी इमारतींची उंचीही बांधून देण्यात आली. या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या, असे मानून चालू. पण ज्या नियोजनाला विमानाच्या वाटेतील एकेक मीटर मोजता आला, त्याला वडाळे तलावाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नजरेची वाट मोजावीशी वाटू नये काय?

आमच्यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. लोकांना घरे हवीत, डोंगराचे दर्शन ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे म्हटले जाईल. घरांची गरज खरी आहे. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार पनवेलला येतो आणि त्याला छप्पर मिळालेच पाहिजे. पण अत्युच्च इमारत त्याच्यासाठी नसते. जसजसे मजले चढतात तसतसा वाऱ्याला तोंड देणारा सांगाडा, अनेक उद्वाहने, वर पाणी चढविणारे पंप यांचा खर्च चढतो, आणि तो भार मध्यमवर्गीयाच्या पगाराला पेलत नाही. शिवाय जे शहर देहरंग धरणाची पातळी उतरली की नळाकडे चिंतेने पाहते, त्याने उंचीच्या आधी पाण्याचा विचार करणे बरे.

राहिला चैनीचा मुद्दा. रस्त्यावरून, तलावाच्या काठावरून, स्थानकाच्या पुलावरून दिसणारा डोंगर हमालालाही दिसतो आणि शेठजीलाही दिसतो. भिंत उभी राहिली की हे दर्शन नाहीसे होत नाही, ते वरच्या मजल्यांच्या गच्चीत जाऊन बसते, आणि तेथे चौरस फुटाच्या भावात मिसळून विकले जाते. डोंगर कोणाही बिल्डरने बांधलेला नाही. सर्वांच्या मालकीची वस्तू अशी थोड्यांच्या खात्यावर जमा होत असताना तिचे रक्षण मागणे ही चैन कशी?

इतर शहरांनी यावर उपाय शोधले आहेत. पॅरिसमध्ये १९७३ साली २१० मीटरांचा माँपार्नास मनोरा पुरा झाला. त्यावर इतका असंतोष माजला की १९७७ मध्ये शहराने नव्या इमारतींस ३७ मीटरांची मर्यादा घातली. लंडनने अधिक समंजस वाट धरली. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट ठराविक ठिकाणांहून दिसत राहावा म्हणून तेथे १९३० च्या दशकापासून उंचीचे नियम आहेत. रिचमंड पार्कमधील एका टेकाडावरून सुमारे सोळा किलोमीटरांवरच्या या घुमटाचे दर्शनही आज नियमाने राखलेले आहे. म्हणून लंडनमध्ये उंच इमारती झाल्या नाहीत असे नाही. २०१२ मध्ये पुरा झालेला 'शार्ड' सुमारे ३१० मीटरांचा आहे. २०१४ मध्ये पुऱ्या झालेल्या लेडनहॉल इमारतीने तर फ्लीट स्ट्रीटवरून घुमट दिसावा म्हणून आपले अंगच तिरके करून घेतले. उंची किती यापेक्षा ती कोठे, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा मानला गेला. सोळा किलोमीटरांवरचा घुमट राखता येतो, तर बारा किलोमीटरांवरचा प्रबळगड राखता येऊ नये हे पटण्यासारखे नाही.

पनवेलची खरी अडचण अशी की येथील आकाशाला एक धनी नाही. जुने शहर नगरपालिकेच्या हाताखाली वाढले, नव्या वसाहती सिडकोने आखल्या, डोंगराकडची बरीच गावे २०१३ पासून 'नैना' क्षेत्रात गेली, आणि उंचीचा शेवटचा शब्द विमानतळ प्राधिकरणाचा. प्रत्येकजण आपापला भूखंड पाहतो. सगळे मिळून काय दिसेल हे पाहण्याचे काम कोणाचेच नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. महानगरपालिका व सिडको यांनी एकत्र बसून पाच-सहा सार्वजनिक जागा निश्चित कराव्यात, जेथून डोंगर आजही दिसतो. तेथून प्रबळगड व कर्नाळ्याकडे जाणाऱ्या नजरेच्या रेषा मोजून नकाशावर मांडाव्यात, आणि त्या अरुंद पट्ट्यांपुरती उंची बांधून द्यावी. पट्ट्याबाहेर विमानतळ देईल तितकी उंची खुशाल घ्यावी. ज्यांच्या जमिनी पट्ट्यात येतील त्यांना अन्यत्र चटईक्षेत्र देऊन भरपाई करता येईल. १९६६ च्या नगररचना अधिनियमात आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे, मंजूर आराखड्यात फेरबदलाचीही आहे. ही तरतूद वापरण्यासाठी नागरिकांनीही उठले पाहिजे; आपल्या भूखंडाचे आरक्षण उठावे म्हणून अर्ज करणारे पुष्कळ असतात, सर्वांच्या डोंगरासाठी अर्ज करणारा विरळा.

विमानांच्या सोयीसाठी ज्या शासनाने आकाशात अदृश्य रेषा आखल्या आणि त्या कसोशीने पाळून घेतल्या, त्याने माणसांच्या नजरेसाठी आणखी चार रेषा आखाव्यात, ही मागणी अवास्तव नाही. मात्र ती आजच केली पाहिजे. भिंत एकदा उभी राहिली म्हणजे तिच्यामागचा डोंगर कोणत्याही ठरावाने परत दिसू लागत नाही.