खाड्याचे दीडशे

कामोठ्यातल्या मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर सकाळी पावणेआठला कामवाल्या बायकांची रांग लागते. एकेकीने आपला नंबर सांगायचा, वॉचमनने तो दाबायचा, की वरच्या घरांत मोबाइल वाजतो : बाई आल्या. कोण किती वाजता आली, महिन्यात किती दिवस आली, सगळी हजेरी मालकिणीच्या हातात. काही अ‍ॅपमध्ये बाईंना तारे देण्याचीही सोय आहे. बाईंच्या मोबाइलवर यातलं काही दिसत नाही. ते खटकलं, म्हणून एका ताईंना विचारून त्यांच्याबरोबर घरोघर फिरले.

ताई जालन्याकडच्या. झाडू, लादी, भांडी – हात सराईत. मोबाइल मात्र धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात. भांडी घासता घासता तो वाजला की मान वळवून बघायचं, साबणाचा हात पदराला पुसायचा, तोवर फोन बंद.

"मी सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तरी दीडशे कापले."

पिशवीतून फोन काढून त्यांनी तो निरोप ऐकवला. टाइप करणं जमत नाही, म्हणून त्या बोलून पाठवतात. पहाटेचा आवाज, मागे पोरगं रडतंय : वहिनी, ह्याला ताप हाय, आज येत न्हाई. वहिनी मानसरोवरहून लोकल पकडणाऱ्या. घाईत फोनमधलं बोलणं ऐकायला सवड कुठली! ऑफिसात पोचल्यावर त्यांनी लिहून टाकलं : न सांगता खाडा. ते ताईंनी संध्याकाळी लेकीकडून वाचून घेतलं. भांडी, लादी, कपड्यांचे महिन्याला साडेचार हजार, भागिले तीस, दीडशे. हिशेब चोख.

"दीडशे गेले तर गेले. पण मला खोटं पाडलं ना."

समोरासमोर का नाही बोललात? तर म्हणे, भेट होते कुठं? किल्ली शेजारी असते.

सोसायटीच्या ग्रुपवर मालकिणी बायांचे दर आणि सुट्ट्या ठरवतात. बायांना बोलायला गेटबाहेरची पाच मिनिटं. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, तेव्हा तरी मालकिणींना समोर बसून ऐकावं लागलं. पुढे 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. खाड्याचे दीडशे कापायचे की नाही, हे मात्र अजून ज्याच्या त्याच्या घरात ठरतं.

शेवटचं घर एका आज्जींचं. दार उघडताच पोराची चौकशी, चहा, गावच्या पावसाच्या गप्पा. आज्जींनी आजवर एक खाडा कापलेला नाही. मला वाटलं, हे खरं घर. जिना उतरताना ताईंना विचारलं, एक काम सोडायचं झालं तर कुठलं सोडाल?

"आज्जींचं," त्या लगेच म्हणाल्या. "चार वर्षं झाली, एक रुपाया वाढवला न्हाई. आन् एवढं गोड बोलल्यावर मागायचं तरी कसं? वहिनींकडं तसं न्हाई. दिवाळीला लेकीकडून लिहून घेतलं आन् पाठवलं, पाचशे वाढवून द्या. रात्रीच हो आलं."

ते दीडशे मात्र त्यांनी अजून मागितलेले नाहीत.