लांबचा पल्ला आणि घरची सायकल

सूरजागडच्या बाजूला गावे दूर दूर आहेत. शाळा एका गावात, दवाखाना दुसऱ्या गावात, बाजार तिसऱ्या गावात. गाडी वेळेवर मिळेलच असे नाही. पायी जावे तर दिवस मोडतो. अशा मुलखात सायकल म्हणजे घरचा बैलच समजा. बैलाला आपण चारा घालतो, पाणी दाखवतो. त्याच्या खुरात काटा रुतला तर लगेच काढतो. सायकलीचे मात्र आपण काही पाहत नाही. चालते तोवर चालवतो. बंद पडली की भिंतीला टेकवून ठेवतो.

अशीच एक टेकवून ठेवलेली सायकल मी पाहिली. तिची हकिगत आधी सांगतो.

मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. नववीतली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. मला वाटले, आजारी असेल. रविवारी तिच्या घरी गेलो. मुलगी अंगणात मोहफुले वाळत घालत होती. चांगली धडधाकट. सायकल भिंतीला टेकलेली. मागच्या चाकात हवा नाही.

"हवा भरली की रातभरात जाते जी, गुरुजी," तिचे वडील म्हणाले. "बाजाराच्या दिवशी एटापल्लीला नेतो."

तो बाजार असाच गेला. वडिलांना काम लागले. पुढच्या बाजाराला सायकल दुकानात गेली. दुकानदाराने व्हॉल्व्ह काढला. त्यावरची कुजलेली रबरी नळी काढून नवी बसवली. काम झाले! ती नळी करंगळीएवढीही नव्हती. तेवढ्या नळीपायी मुलीची वीस दिवसांची शाळा बुडाली. मागे पडलेला अभ्यास तिला भरून काढता आला नाही. त्या वर्षी ती नापास झाली आणि मग शाळेत आलीच नाही.

दोष कुणाचा? वडिलांचा म्हणाल, तर त्यांना कुणी शिकवले नव्हते. खरे सांगायचे तर दोष माझा. मी तिला वर्तुळाचा परीघ काढायला शिकवले. पण ज्या चाकांवर ती रोज शाळेत येत होती, ती चाके नीट ठेवायला शिकवले नाही. मला स्वतःलाच ते येत नव्हते. त्यानंतर मी शिकलो. जे शिकलो ते इथे लिहितो.

मोठा पल्ला कसा गाठतात?

सायकलीवरून फार लांब जाणारे लोक आहेत. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. त्यांच्यापासून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जग फिरायला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, पृथ्वीला फेरा घालून १९२८ सालच्या मार्चात मुंबईला परत आले. चार वर्षे पाच महिने लागले. सायकल चालली सुमारे ७१ हजार किलोमीटर. आकडा ऐकून छाती दडपते. पण हिशेब करून पाहा. चार वर्षे पाच महिने म्हणजे सुमारे १६०० दिवस. ७१ हजाराला १६०० ने भागा. रोजचे पडतात सुमारे ४४ किलोमीटर. एटापल्लीहून आलापल्ली सुमारे ३० किलोमीटर. म्हणजे त्याच्या दीडपट अंतर रोज, एवढेच! मोठा पल्ला एका दिवसाच्या जोरावर गाठत नाहीत. रोजच्या थोड्या थोड्या चालीने गाठतात.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे यांनी १९८५ साली 'भारत जोडो' यात्रा काढली. कन्याकुमारी ते काश्मीर, सुमारे ५ हजार किलोमीटर. शंभरावर तरुण-तरुणी सायकलीवर निघाले. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. सायकल चालवणारे काही शर्यतीतले गडी नव्हते. साधीच मुले होती.

आजही नागपूर, पुणे, नाशिक, मुंबई इथून हौशी लोक लांबच्या फेऱ्या काढतात. त्या फेरीला 'ब्रेव्हे' म्हणतात. हा फ्रान्सकडचा शब्द. पहिली पायरी २०० किलोमीटरची, मुदत साडेतेरा तास. मग ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. मुदतीत पोचला तो पास. २०० ला साडेतेराने भागा. ताशी १५ किलोमीटरसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातच खाणे-पिणे, विसावा सगळे आले.

पण या फेरीचा एक नियम फार मोलाचा आहे. वाटेत सायकल बिघडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची. मदतीची गाडी मागून येत नाही. म्हणून या लोकांना पंक्चर काढता येते, चेन जोडता येते. नुसते पाय बळकट असून भागत नाही, हातही शिकलेले लागतात.

आता आपल्या मुलीचा हिशेब करू. समजा, शाळा ५ किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन १० किलोमीटर. वर्षाला शाळेचे २०० दिवस धरा. झाले २ हजार किलोमीटर. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षे गेली की ६ हजार किलोमीटर. म्हणजे कन्याकुमारी ते काश्मीर यात्रेहूनही जास्त! आपल्या घरातली पोरगी एवढा पल्ला मारते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. एवढे काम करणाऱ्या सायकलीची निगा नको का?

अंतर वाढवायचे तर बेताने

कुणाला लांब जायचे असेल तर एकदम उडी घेऊ नये. रोज १० किलोमीटर झेपत असतील तर पुढच्या आठवड्यात ११ करावे, त्याच्या पुढच्या आठवड्यात १२. आठवड्यात एक दिवस पायांना विसावा द्यावा. तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून पाणी प्यावे. सीटची उंचीही पाहावी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट खाली आहे. अशा सीटने गुडघे दुखतात.

हवा आणि पंक्चर

हवा जाते ती दोन ठिकाणांहून, व्हॉल्व्हमधून किंवा ट्यूबच्या भोकातून. आधी व्हॉल्व्ह पाहा. त्याच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी गेली. ही नळी चार पैशांची वस्तू. दोन-तीन तुकडे घरात ठेवा. व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढा, व्हॉल्व्ह ओढा, जुनी नळी काढा, नवी ओली करून चढवा. लहान मूलही हे करील.

बुडबुडा आला नाही तर ट्यूबला भोक आहे. टायरची एक बाजू काढा, ट्यूब बाहेर घ्या, थोडी हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. ट्यूब अगदी कोरडी पुसा. खूण केलेली जागा काचकागदाने घासा. सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. इथेच बहुतेक लोक घाई करतात. ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही. चार-पाच मिनिटांनी बोट लावून पाहा. बोटाला ओले लागता कामा नये. मग ठिगळ बसवून जोराने दाबा.

आणखी एक गोष्ट विसरू नका. टायरच्या आतून बोट फिरवा, पण जपून. बाभळीचा काटा तिथेच रुतलेला असतो. तो काढला नाही तर नवे ठिगळ घेऊन निघालेली सायकल घटकाभरात पुन्हा बसते. मग आपण दुकानदाराला बोल लावतो.

ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके दिसली तर ते काट्याचे काम नव्हे. चाकात हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपली. तेव्हा हवा पुरेशी ठेवा. मागे पोते किंवा माणूस बसवायचे असेल तर आधी मागचे चाक दाबून पाहा.

चेन

आमच्याकडच्या साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात आहेत असे समजा. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे जवळजवळ अडीच फेरे होतात. चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला पायडलचे सुमारे १८५ फेरे. शाळेच्या १० किलोमीटरला १८५० फेरे! पायडल फिरत राहते तशी चेनची कडी न् कडी पुन्हा पुन्हा वाकते आणि सरळ होते.

आता त्यात धूळ मिसळा. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते. ते भरलेल्या जड गाड्या रस्त्याने जातात आणि तांबडी धूळ उडते. ही धूळ तेलात कालवली की तिचा काचकागद होतो. तो चेन खातो. म्हणून मळलेल्या चेनवर वरून तेल ओतू नका. आधी रॉकेलच्या किंवा कोरड्या फडक्याने चेन पुसा. मग कडीकडीवर एकेक थेंब तेल सोडा, पायडल उलटे फिरवा, आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्या. तेल आत हवे, बाहेर नको. आठवड्यात एकदा एवढे केले तरी पुष्कळ.

चेन झिजली की लांबते. मोजणे सोपे आहे. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरली तर चेन बदला. नाही बदलली तर ती फ्रीव्हीलचे दातही खाते आणि खर्च वाढतो. चेन नुसती सैल असेल तर मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक थोडे मागे ओढा. दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, नाहीतर चाक तिरपे बसते. चेन मधोमध बोटाने दाबली तर अर्धा-पाऊण इंच हलावी, जास्त नको.

ब्रेक, पायडल आणि चाक

ब्रेकचे रबर झिजले की लोखंड रिमला लागते. कर्र आवाज आला की समजा, उशीर झाला. पावसात रिम ओली होते आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून उताराच्या आधीच ब्रेक दाबू लागा. रिमला तेल कधी लागू देऊ नका.

पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक' असा आवाज आला तर कॉटर पिन ढिली आहे. तशीच चालवली तर पिन तुटते. डावे पायडल घट्ट करताना ध्यानात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून घट्ट होते. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे मोडणारे मी पाहिले आहेत.

चाकाची एक तार तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो. मग त्याही तुटतात. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा, सावकाश घरी या, आणि दुसऱ्याच दिवशी नवी बसवा. चाकाचा आऊट काढणे आणि हबमधले छर्रे बदलणे ही कामे मात्र दुकानदाराची. आपल्याला काय येते हे जसे कळावे, तसे काय येत नाही हेही कळावे.

निघण्याआधी आणि रस्त्यावर

निघताना चार गोष्टी पाहा: हवा, ब्रेक, चेन, नट. दोन मिनिटे लागतात. जंगलात १० किलोमीटर सायकल ढकलत येण्यापेक्षा ही दोन मिनिटे स्वस्त. सीटखाली लहान पिशवी बांधा. तिच्यात ठिगळ, सोल्युशन, काचकागद, व्हॉल्व्हची नळी, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि एक पाना ठेवा. पंप फ्रेमला अडकवा.

जड गाडीशी बरोबरी करू नका. भरलेली गाडी चटकन थांबत नाही, आणि अगदी डाव्या अंगाला असलेला सायकलवाला चालकाला दिसत नाही. तिच्या डावीकडून पुढे घुसू नका. मागून गाडी आली तर खाली उतरून कडेला उभे राहा. दोन मिनिटे गेली तर जाऊ द्या. तिन्हीसांजेला पांढरा कपडा अंगावर असावा आणि मागे लाल चकती असावी. पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगा.

आज एवढे करा

वाचून झाले? आता उठा. भिंतीला टेकलेली सायकल अंगणात आणा. घरातल्या मुलीला हाक मारा. मुलालाही बोलवा. व्हॉल्व्ह तुम्ही एकदा काढून दाखवा, मग त्यांना काढायला लावा. हात काळे होतील, साबणाने जातील. पण शाळेचा बुडालेला दिवस काही परत येत नाही.