भिंतीचे वजन किती असावे?

खडकवासल्याच्या धरणावर तुम्ही सहलीला गेला असालच. १९ व्या शतकात बांधलेली ती दगडी भिंत एवढ्या पाण्याचा रेटा कशाच्या बळावर सोसते? मुख्यतः स्वतःच्या वजनाच्या! धरणाला वजन हवेच. पण घराच्या भिंतीला?

भूकंपात भिंतीवर येणारे बल तिच्या वस्तुमानाबरोबर वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. हलक्या भिंतींचा शोध चालतो तो यासाठीही.

हलक्या भिंतीचा एक पदार्थ तुमच्या वर्गातच आहे. फळ्यावरचा खडू! आपल्याकडचे पुष्कळसे खडू जिप्समपासून केलेले असतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी बांधलेले असते. ते १५० अंश सेल्सियसच्या आसपास भाजले, की त्यातले तीनचतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड उरते. तिच्यात पाणी कालवा. पूड आपले पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि गोळा गरम होत होत घट्ट बनतो.

गंमत पुढेच आहे. शंभर ग्रॅम पुडीला खरे तर १९ ग्रॅम पाणी पुरते. पण लगदा साच्यात ओतता यावा म्हणून तिप्पट-चौपट घालतात. जादा पाणी वाळून जाते, त्याची जागा पोकळ राहते. कोरडा खडू पाण्यात टाकला की बुडबुडे येतात ना? ते त्या पोकळ्यांतूनच. लगद्यात फेस मिसळला तर पदार्थ आणखी हलका होतो. मात्र पोकळ्या वाढल्या की ताकद घटते. शिवाय आग लागली तर स्फटिकातले पाणी वाफ होऊन जाईपर्यंत भिंतीची मागची बाजू फारशी तापत नाही.

खतासाठी फॉस्फोरिक आम्ल बनवताना एक टन आम्लामागे सुमारे पाच टन जिप्सम उरते. मुंबईला ट्रॉम्बे येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने अशा जिप्समपासून भिंतीचे तयार फलक बनवण्याचा कारखाना उभारला. तंत्र ऑस्ट्रेलियातले. फलक १२ मीटर लांब, ३ मीटर उंच, १२४ मिलिमीटर जाड, आतून पोकळ. बळकटीला काचेचे धागे. वजन चौरस मीटरला सुमारे ४४ किलो. नऊ इंची विटांची भिंत भरते ४०० किलोंच्या वर! अर्थात जिथे मजल्यांचा भार पेलायचा, तिथे पोकळीत सळया आणि काँक्रीट भरावे लागते, आणि वजन वाढतेच.

खरा शत्रू पाणी. लिटरभर पाण्यात सुमारे २ ग्रॅम जिप्सम विरघळते, आणि भिजलेले जिप्सम कोरड्याहून पुष्कळच दुबळे असते. खडकवासल्याच्या पावसाळ्यात हे परवडणारे नाही, म्हणून फलकांत पाणी रोखणारी द्रव्ये मिसळतात.

तीन खडू घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा रात्रभर भिजवा, तिसऱ्याला मेण लावून भिजवा. प्रत्येक खडू दोन पुस्तकांवर आडवा ठेवून मधोमध दोऱ्याने डबी टांगा आणि तिच्यात हळूहळू वाळू घाला. कोणता आधी मोडतो?