उपनगरातले क्रूस – लेखांक ६ : बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

गेल्या आठवड्यात अंधेरीच्या सीप्झमधले कोंडिविट्याचे पडके चर्च पाहिले. १५७९ सालच्या त्या दगडांबद्दल लिहिणे सोपे होते. दगड काही उलट बोलत नाहीत. आजचा विषय माणसांचा, म्हणून अंमळ अवघड. येशूच्या शुभवर्तमानावर विश्वास ठेवला की आयुष्य बदलते, असे ख्रिस्ती माणूस सांगतो. मरोळ, आंबोली, गोराईच्या गावठाणातला ईस्ट इंडियन कॅथलिक सांगतो, आणि नगर-जालन्याकडून कामधंद्यासाठी मुंबईत येऊन स्थिरावलेला मराठी प्रॉटेस्टंटही सांगतो. बदलते म्हणजे नेमके काय होते? नाव, देवघर, सणवार, हे बदल बाहेरून दिसतात. पण ख्रिस्ती माणसाला ते तेवढेच अभिप्रेत नसतात.

आधी मूळ दावा पाहू. चांगले वागा म्हणजे देव जवळ करील, हा क्रम बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. ख्रिस्ती शिकवणीत क्रम उलटा आहे. देवाने आधीच जवळ केले आहे; येशूने क्रुसावर मरण पत्करून आणि पुन्हा उठून माणसाच्या पापाचा हिशेब चुकता केला; माणसाने हे विश्वासाने स्वीकारायचे. पुण्य साठवून ते मिळवता येत नाही. चांगले वागणे येते ते नंतर, कृतज्ञतेपोटी. संत पौलाच्या पत्रांचा भर यावर आहे, आणि याकोबाचे पत्र बजावते की कृतीत उतरला नाही तो विश्वास मेलेला. या दोन टोकांची मोट बांधताना सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातले चर्च दुभंगले. कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी या मुद्द्यावर एकत्र सही केली ती थेट १९९९ साली, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात.

वारकरी घरात वाढलेल्याला कृपेची ही भाषा परकी वाटणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो असे म्हणत.

लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. यरीहोचा हा मुख्य जकातदार, रोमन सत्तेसाठी वसुली करणारा, लोकांना लुबाडून गबर झालेला. बुटका असल्यामुळे गर्दीत काही दिसेना, म्हणून येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि आज तुझ्याकडेच उतरणार म्हणून सांगितले. गावाने नाके मुरडली. जक्कयाने मात्र जाहीर केले की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. येशूने आधी अट घातली असती तर ही गोष्ट साधी झाली असती. त्याने अट घातलीच नाही. आणि बदल झाला तो जक्कयाच्या तिजोरीत झाला, प्रार्थनेच्या वेळापत्रकात नव्हे. हे दोन धागे हाती धरले की पुढचे सगळे कळायला सोपे जाते.

आता महाराष्ट्रात येऊ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वॉन्टेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्याआधी तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले आश्रयस्थान दाखवले होते. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांविषयी इतकी आपुलकी का, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवली. संस्कृतात पारंगत असलेल्या, पंडितांच्या सभेत ताठ मानेने बोललेल्या या बाईंना पटले ते हे एक दृश्य. आणि तरीही, पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षे लागली. धर्मांतराच्या कहाण्या 'आणि मग सगळे बदलले' अशा थाटात सांगणाऱ्यांनी हे निवेदन आधी वाचावे. त्यानंतरच्या रमाबाईंचे काम आपल्याला ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले.

माझ्या मते मात्र या विषयावरची सर्वांत विश्वासार्ह साक्ष रमाबाईंची नाही, टिळकांचीही नाही. ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची आहे, कारण त्यांना हा बदल नकोच होता.

टिळकांच्या हाती नवा करार पडला तो १८९३ साली आगगाडीच्या डब्यात, एका युरोपियन सहप्रवाशाकडून. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन वाचून ते थांबले. मनात जे प्रश्न होते त्यांची उत्तरे तिथे मिळाल्याचे त्यांनी सांगितले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरादाराच्या दृष्टीने माणूस मेला. पाच वर्षांच्या आसपास नवराबायको वेगळी राहिली.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपले सोवळे घेऊन. हे सोवळे त्यांना माहेरून मिळालेले. वडील इतके कडक की घरात येणारा जिन्नस धुतल्याशिवाय चुलीपर्यंत जात नसे. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत एका छपराखाली दोन स्वयंपाक होत होते. नवरा ख्रिस्ती, बायको त्याच्या हातचे पाणी पीत नाही. टिळकांनी त्यात आडकाठी केली नाही. त्यांच्या रागाचे अनेक किस्से लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहेत, पण बायकोच्या श्रद्धेपुढे हा तापट माणूस सबुरीने घेत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणि मग लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला. जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनी केल्या असतील तर आपण हा पाण्याचा तांब्या कुणासाठी वेगळा ठेवतो आहोत? उत्तर सापडल्यावर त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे, असे ठरवून टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहा: आधी तांब्या सुटला, मग डोक्यावर पाणी पडले. पुढे त्यांचे घर अनाथ, निराधार मुलांनी भरून गेले आणि सोवळ्यात वाढलेल्या या बाई त्या मुलांची जातपात न पाहता आई झाल्या.

टिळक यानंतर संत झाले असा कुणाचा समज असेल तर 'स्मृतिचित्रे' तो उतरवते. ते शेवटपर्यंत शीघ्रकोपी राहिले, पैशांच्या बाबतीत बेफिकीर राहिले, घरात काही शिल्लक आहे की नाही हे न पाहता दान करत राहिले. संसाराचा ताळमेळ लक्ष्मीबाईंनी घालायचा. विश्वासाने स्वभाव पुसला जात नाही, हे त्या हसत हसत सांगतात आणि त्यामुळेच बाकीच्या गोष्टींवर आपला विश्वास बसतो. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते; शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले.

हे झाले स्वतःहून धर्म बदललेल्यांचे. उपनगरातल्या गावठाणांचे काय? तिथला ईस्ट इंडियन कोणत्याही आगगाडीत नवा करार वाचून ख्रिस्ती झालेला नाही. त्याचा धर्म साडेचारशे वर्षांमागे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्यात सत्तेचा दाब होता, सवलतींचे गाजर होते, हे कबूल केलेच पाहिजे. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली वसई पडली. दाब गेला, गाजरही गेले, युरोपियन पाद्री निघून गेले. ख्रिस्ती राहण्यात कसलाही फायदा उरला नाही. तरी मरोळचा, आंबोलीचा, गोराईचा शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती राहिला. लुगडे तेच, मराठी बोली तीच, लग्नात उंबराचे पाणी आणणे तेच, आणि क्रुसापुढे गुडघे टेकणेही तेच. जबरदस्तीने आलेली गोष्ट एवढी टिकत नाही. मधल्या पिढ्यांत कधीतरी ती त्यांची स्वतःची झाली असली पाहिजे.

अशा वारशाने ख्रिस्ती असलेल्या माणसाच्या आयुष्यात बदल कुठे शोधायचा? मी रविवारच्या मिस्सामधल्या एका मिनिटाकडे बोट दाखवीन. कम्युनियनच्या थोडे आधी फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. लोक वळतात, शेजाऱ्याचा हात हातात घेतात किंवा नमस्कार करतात. पाहुण्याला ती रीतभात वाटते. पण गावठाणात मागच्या बाकावर सख्खा भाऊ बसलेला असतो, आणि घराच्या वाटणीवरून त्याच्याशी कोर्टात तारखा चालू असू शकतात. टिळक ज्यावर थांबले त्याच डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितले आहे की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे हात पुढे केला तर तारखेचे काय करायचे, आणि नाही केला तर कम्युनियनच्या रांगेत कोणत्या तोंडाने उभे राहायचे! पापनिवेदनाचेही तसेच. चोरी फादरांच्या कानात सांगून भागत नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणे चोरलेले परत करावे लागते. जक्कय पुन्हा आडवा येतो.

काही बदल याहून ठळक असतात. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. दारूच्या आणि ड्रग्जच्या व्यसनात अडकलेल्यांसाठीचे हे काम पुढे वसईत आणि देशभर पसरले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या योगासनांची जोड दिली. ते अय्यंगारांचेच शिष्य. त्या पायऱ्यांतली पहिली म्हणजे आपल्या बळावर हे सुटत नाही अशी कबुली. वर सांगितलेला कृपेचा क्रम इथे उपचार होऊन आलेला दिसतो. व्यसनी माणूस पुन्हा घसरतो आणि पुन्हा येतो, म्हणून इथेही एका रात्रीतले चमत्कार कुणी कबूल करत नाही.

याशिवाय महाकाली गुंफांच्या रस्त्यावरचे सिस्टर्सचे होली स्पिरिट हॉस्पिटल आहे, वीरा देसाई रस्त्यावरचे सेंट कॅथरिन्स होम आहे, आणि अनेक चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळी आहेत, जी गरजू घरांत जाऊन विचारपूस करतात आणि शिधा देतात. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिहीन.

आता दुसरी बाजू. लक्ष्मीबाईंनी तांब्या सोडला, पण भारतातल्या ख्रिस्ती समाजाने जात सोडली असे म्हणता येत नाही. सोयरिकी जुळवताना मूळ जात विचारली जाते, आणि दलित ख्रिस्ती आपल्याच चर्चमधल्या दुजाभावाविषयी आजही बोलतात. शुभवर्तमानाचीच फूटपट्टी लावली तर हे अपयश आहे, आणि ते परंपरा किंवा सामाजिक वास्तव अशा शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत होते. बदलाची नोंद ज्यांच्याशी आपला व्यवहार होतो त्यांच्याकडे असते, आणि ती त्यांनाच विचारावी.

पुढच्या आठवड्यात बोरिवलीला जाऊ: मंडपेश्वरच्या लेण्यांत क्रूस कसा आला आणि लेण्यांत पुन्हा महादेवाची पूजा कशी सुरू झाली, ते पाहायला. तोवर 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर काढा, नसेल तर वाचनालयातून आणा. लेखमालेचे पुढचे भाग त्यावाचूनही समजतील, पण आजचा भाग मात्र लक्ष्मीबाईंनी माझ्यापेक्षा फार चांगला लिहिला आहे.