टेक्सासच्या ग्रामीण काउंटीतून घटस्फोटाची नक्कल

अमेरिकेत घटस्फोटांची देशव्यापी नोंदवही नाही. विवाह आणि घटस्फोट हे विषय राज्यांच्या कायद्याखाली येतात. दावा राज्याच्या न्यायालयात चालतो आणि त्याचे मूळ कागद, ज्या काउंटीत तो दाखल झाला, तिथल्या न्यायालयीन क्लार्कच्या दप्तरी राहतात. राज्याच्या राजधानीत असलीच तर सूची असते. म्हणून या शोधातला पहिला प्रश्न ‘कोणती काउंटी?’ हा असतो. त्याचे उत्तर चुकले की पुढचा पत्रव्यवहार फुकट जातो.

घटस्फोटाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाचे नाव राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्कमध्ये ते सुप्रीम कोर्ट, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट, ओहायोत कोर्ट ऑफ कॉमन प्लीज आणि टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट. टेक्सासच्या प्रत्येक काउंटीत राज्यघटनेने स्थापलेले एक काउंटी कोर्टही असते, पण घटस्फोट त्याच्या कक्षेत येत नाहीत. विवाहाचा परवाना काउंटी क्लार्ककडे, घटस्फोटाची फाइल डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, अशी तिथली वाटणी आहे. ८,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत मात्र राज्यघटनेच्या तरतुदीनुसार दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असू शकतात. टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी अनेक इतक्या छोट्या आहेत. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे मोजली गेली. अशा ठिकाणी जमिनीचे दस्त, विवाहाचे परवाने, निवडणुकीचे काम आणि न्यायालयाचे दप्तर हे सगळे एकाच कचेरीत असते.

काउंटी ठरवताना लग्न कुठे झाले याचा उपयोग होत नाही. टेक्सासच्या कौटुंबिक कायद्यानुसार, दावा दाखल करण्यापूर्वी पतिपत्नींपैकी एकाचे वास्तव्य राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस झालेले असावे लागते. त्यामुळे लग्न डॅलसला झालेले असले आणि विभक्त झाल्यावर पत्नी मार्फाला राहायला गेली असली, तर कागद मार्फाला सापडण्याची शक्यता मोठी. पती दुसऱ्याच काउंटीत राहत असेल तर तिथेही पाहावे लागते. दावा लावणारा कोण होता आणि त्या वर्षी तो कुठे राहत होता, या दोन गोष्टी जुनी पत्रे, घरभाड्याचे करार किंवा नातेवाईकांच्या आठवणी यांतून आधी निश्चित केल्या की शोध दोन-तीन काउंट्यांवर येतो.

विरळ वस्तीच्या भागात न्यायाधीश एक आणि काउंट्या अनेक, अशी रचना असते. पश्चिम टेक्सासमधले ३९४ वे डिस्ट्रिक्ट कोर्ट ब्रूस्टर, कल्बरसन, हडस्पेथ, जेफ डेव्हिस आणि प्रेसिडिओ या पाच काउंट्यांचे काम पाहते. हुकूमनाम्यावर त्या न्यायालयाचा क्रमांक दिसतो, पण फाइल न्यायाधीशाबरोबर फिरत नाही. ती दाव्याच्या काउंटीतच राहते. म्हणून केवळ न्यायालयाचा क्रमांक माहीत असून भागत नाही. पाचांपैकी कोणत्या गावी विचारायचे ते कळावे लागते. ही गावे म्हणजे अल्पाइन, व्हॅन हॉर्न, सिएरा ब्लँका, फोर्ट डेव्हिस आणि मार्फा. यांपैकी सिएरा ब्लँकाचे घड्याळ इतरांच्या एक तास मागे असते, कारण हडस्पेथ काउंटी माउंटन वेळ पाळते. कचेरी उघडण्याची वेळ साधून दूरध्वनी करणाऱ्याला हा तपशील लागतो.

काउंट्यांच्या सीमाही कायम राहिलेल्या नाहीत. ब्रूस्टर आणि जेफ डेव्हिस या काउंट्या १८८७ मध्ये प्रेसिडिओ काउंटीतून वेगळ्या काढल्या गेल्या. प्रेसिडिओचे मुख्य ठिकाण त्याआधीच, १८८५ मध्ये, फोर्ट डेव्हिसहून मार्फाला गेले होते. साहजिकच १८८० च्या सुमाराला फोर्ट डेव्हिसला राहणाऱ्या जोडप्याचा दावा आजच्या जेफ डेव्हिस काउंटीच्या वह्यांत शोधून चालत नाही, त्यासाठी प्रेसिडिओ काउंटीचे दप्तर पाहावे लागते. वंशावळी शोधणारे म्हणूनच आधी काउंटीच्या स्थापनेचे वर्ष तपासतात.

काउंटीचा अंदाज बांधायला राज्याची सूची मदत करते. टेक्सासच्या आरोग्य खात्याचा जन्ममृत्यू विभाग ऑस्टिन येथे आहे आणि त्याच्याकडे १९६८ पासूनच्या घटस्फोटांची सूची आहे. निकाल लागल्यावर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडून ठरावीक नमुन्यातली माहिती तिथे जाते. या विभागाकडून पडताळणीचे पत्र मिळते. नोंद आहे की नाही, पक्षकारांची नावे, घटस्फोटाची तारीख आणि काउंटी यांपुरताच त्याचा उपयोग. हुकूमनाम्याची प्रत राज्याकडे नसतेच. इतर राज्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. कॅलिफोर्निया राज्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या नोंदी आहेत, तर न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याकडे १९६३ पासूनची प्रमाणपत्रे आहेत.

अर्ज करण्यापूर्वी नेमका कोणता कागद हवा हे ठरवावे लागते. राज्याचे पडताळणी पत्र, न्यायालयाचा हुकूमनामा आणि दाव्याची संपूर्ण फाइल या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. पुनर्विवाह, पूर्वीचे आडनाव परत घेणे, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यापुढे आधीचे लग्न संपल्याचा पुरावा देणे, किमान दहा वर्षे टिकलेल्या विवाहाच्या आधारे घटस्फोटित जोडीदाराने सोशल सिक्युरिटीचा लाभ मागणे, या कामांना सहसा हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. मालमत्तेचा किंवा मुलांच्या ताब्याचा जुना वाद उकरला गेला असेल, तर मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा अहवाल आणि नंतरचे दुरुस्तीचे आदेश यांसह अख्खी फाइल पाहावी लागते. वंशावळीच्या अभ्यासकाला साधी प्रत पुरते, मात्र त्याला फाइलच अधिक माहिती देते. १९७० पूर्वी टेक्सासमध्ये बहुधा कुणाचा तरी दोष दाखवूनच घटस्फोट मिळत असे. त्यामुळे जुन्या अर्जांत लग्नाची आणि वेगळे झाल्याची तारीख, मुले आणि परस्परांवरचे आरोप सविस्तर येतात. १ जानेवारी १९७० पासून दोषाशिवाय घटस्फोटाची सोय झाली आणि अर्जांची भाषा ठरावीक साच्याची बनली.

काउंटीच्या कचेरीत शोध नावाच्या सूचीपासून सुरू होतो. पक्षकारांची वर्णानुक्रमे, परस्परसंदर्भासह सूची ठेवणे हे टेक्सासच्या कायद्याने डिस्ट्रिक्ट क्लार्कचे कर्तव्यच ठरवले आहे. जुन्या काळात वादींच्या आणि प्रतिवादींच्या अशा वेगळ्या वह्या असत. वादी बहुधा पत्नी असे, म्हणून पतीच्या नावाने वादींच्या वहीत काही न मिळाल्यास प्रतिवादींची वही उघडावी लागते. सूचीतून दाव्याचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाने रोजनामा काढला की दाखल झाल्याची तारीख, प्रत्येक सुनावणी आणि निकाल यांचा क्रम समजतो. त्यातून न्यायालयाच्या इतिवृत्ताच्या वहीचा खंड आणि पान कळते. जुना हुकूमनामा या वहीत हाताने उतरवलेला, अर्ध्या पानाचाही असू शकतो. मुले आणि मालमत्ता असलेल्या आजच्या जोडप्याचा हुकूमनामा सहज तीस-चाळीस पाने भरतो. आजच्या फाइलवर ‘अमुक आणि तमुक यांच्या विवाहाच्या बाबतीत’ अशा अर्थाचे शीर्षक असते. जुन्या फाइलवर ‘अमुक विरुद्ध तमुक’ असे लिहिलेले आढळते.

नावांच्या बाबतीत सावध राहावे लागते. स्पॅनिश आडनावांचे लेखन क्लार्कच्या कानावर अवलंबून होते. पहिल्या नावाऐवजी नुसती आद्याक्षरे दिलेली असतात, तर कधी पत्नीचे माहेरचे नाव कुठेच नसते. भारतीय नावांत वडिलांचे नाव मधले नाव म्हणून गेले आहे की आडनाव म्हणून, हेही तपासावे लागते. त्यामुळे एकाच व्यक्तीची तीन-चार रूपे कागदावर लिहून घेऊन सूची पाहणे शहाणपणाचे ठरते.

संगणकावर सगळे मिळेल ही अपेक्षा ग्रामीण काउंटीत फारशी खरी ठरत नाही. दिवाणी दावे संगणकाद्वारे दाखल करण्याची सक्ती टेक्सासमध्ये २०१४ पासून मोठ्या काउंट्यांपासून सुरू झाली आणि २०,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंट्यांना ती जुलै २०१६ मध्ये लागू झाली. त्याआधीचे बहुतेक कागद पेटाऱ्यांत, वह्यांत किंवा मायक्रोफिल्मवर आहेत. टेक्सासचा माहिती कायदा न्यायालयांना लागू नाही, म्हणून त्या कायद्याचे कलम घालून पाठवलेला अर्ज निरुपयोगी असतो. क्लार्कला साधे पत्र लिहून नक्कल मागणे हाच रीतसर मार्ग.

पत्र नेमके असेल तर छोट्या कचेरीतले काम लवकर होते. दोघांची पूर्ण नावे आणि नावांची इतर रूपे, घटस्फोटाचे अंदाजे वर्ष किंवा शोधायच्या वर्षांची मर्यादा, माहीत असल्यास दाव्याचा क्रमांक, कोणता कागद हवा, तो साधा की प्रमाणित, किती प्रती, आणि मागणाऱ्याचा पत्ता व दूरध्वनी एवढे त्यात यावे. ‘सर्व कागदपत्रे पाठवावीत’ असे लिहिल्यास पानांची संख्या आणि शुल्क दोन्ही फुगतात. पत्रापूर्वी दूरध्वनी करून शोधाचे शुल्क, पानामागचा दर आणि पैसे भरण्याची पद्धत विचारून घेतात, कारण वैयक्तिक धनादेश न घेणाऱ्या कचेऱ्या आहेत. मनीऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडण्याची पद्धत अजून चालते.

टेक्सासमध्ये घटस्फोटाचा हुकूमनामा सर्वसाधारणपणे कुणालाही पाहता येतो. पण सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँक खाती, अल्पवयीन मुलांची नावे आणि जन्मतारखा असा संवेदनशील मजकूर झाकलेला असू शकतो आणि न्यायालयाने मोहोरबंद केलेली फाइल आदेशाशिवाय उघडत नाही. न्यूयॉर्कचा नियम याहून कडक आहे. तिथे पक्षकार आणि त्यांचे वकील वगळता इतरांना वैवाहिक दाव्याची फाइल शंभर वर्षे पाहता येत नाही.

नोंद सापडली नाही म्हणून घटस्फोट झालाच नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. दावा दाखल होऊन मागे घेतला गेला असेल, पाठपुरावा नसल्याने निकाली काढला असेल किंवा शेजारच्या काउंटीत वर्ग झाला असेल. दावा झटपट उरकावा म्हणून लोक दुसऱ्या राज्यातही जात. नेवाडाने १९३१ मध्ये वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणल्यावर रीनो शहर त्यासाठीच गाजले. न्यायालयाच्या आगीत दप्तर जळालेल्या काउंट्याही आहेत. अशा वेळी त्या काळची स्थानिक वृत्तपत्रे, जमिनीच्या वाटणीचे दस्त आणि पुढच्या विवाहाचा परवाना यांतून दुय्यम पुरावा गोळा होतो. काही काउंट्यांची जुनी दप्तरे टेक्सास राज्य ग्रंथालयाच्या योजनेखाली विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेली आहेत. शोध घेऊनही नोंद न मिळाल्यास क्लार्ककडून तसे लेखी पत्र मागता येते.

मिळालेली प्रत कुठे वापरायची, यावर तिच्या प्रमाणनाची पातळी ठरते. प्रमाणित प्रतीवर क्लार्कची सही, न्यायालयाची मोहोर आणि ती मूळ कागदाबरहुकूम असल्याचा दाखला असतो. दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयापुढे कधी कधी तीन दाखल्यांची प्रत मागतात. तिच्यात क्लार्कचा दाखला खरा असल्याचे न्यायाधीश सांगतो आणि न्यायाधीशाच्या सहीची खातरी पुन्हा क्लार्क देतो. परदेशासाठी अपोस्टिल लागते. टेक्सासमध्ये ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑस्टिनमधल्या कचेरीतून, क्लार्कच्या सहीची खातरी करून, प्रमाणित प्रतीला जोडले जाते.

भारतात हा कागद दाखवणाऱ्यांना याचे महत्त्व विशेष आहे. अपोस्टिलच्या हेग करारात भारत २००५ पासून सहभागी आहे. त्याआधी, १९९१ मध्ये, नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीचा हुकूमनामा आला होता. परदेशी हुकूमनाम्याची नुसती छायाप्रत पुरेशी नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा अर्थ लावताना, विवाह ज्या कायद्याखाली झाला त्यात बसणारे अधिकारक्षेत्र आणि कारण त्या हुकूमनाम्याला असावे, हेही सर्वसाधारण नियम म्हणून स्पष्ट केले. दुसरा पक्ष स्वेच्छेने हजर राहून त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करतो किंवा घटस्फोटाला संमती देतो, तेव्हा त्याला अपवाद होतो. म्हणून भारतात वापरायची नक्कल मागवताना हुकूमनाम्याबरोबर समन्स बजावल्याचा अहवाल आणि दुसऱ्या पक्षाच्या हजेरीचे किंवा संमतीचे कागदही त्याच फाइलमधून प्रमाणित करून घेणे उपयोगाचे असते.