एका घळीवरचे तीन पूल

घाटातला रस्ता मुळात कोणासाठी बांधला होता, हे ओळखायचे असेल तर त्यावरचे पूल पाहावेत. स्वित्झर्लंडमधील गोटहार्ड खिंडीचा रस्ता याचे चांगले उदाहरण आहे.

ही खिंड २१०६ मीटर उंचीवर आहे. उत्तरेकडून तिच्याकडे जाताना आंदरमाट गावाच्या अलीकडे रॉइस नदीची अरुंद घळ लागते. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि तळाशी वेगाने धावणारे पाणी. तेराव्या शतकात येथे लाकडी पूल झाला आणि आल्प्स ओलांडण्याची एक नवी वाट खुली झाली. एवढ्या अवघड जागी माणूस पूल बांधू शकेल, यावर लोकांचा विश्वास बसेना. तो सैतानाने बांधला, अशी दंतकथा पसरली आणि 'सैतानाचा पूल' हे नाव कायमचे चिकटले.

१५९५ साली लाकडाच्या जागी दगडी कमान आली. कमानीचे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि वरचा भार दोन्ही टोकांच्या कातळावर सोपवतात. त्यामुळे नदीत खांब लागत नाही. पुरात मोठमोठे धोंडे वाहून आणणाऱ्या नदीत हा फार मोठा फायदा असतो. पूल ओलांडल्यावर मात्र वाट कड्याला टांगलेल्या लाकडी फळ्यांवरून जाई. १७०८ साली तेथे ६४ मीटर लांबीचा बोगदा खोदला गेला आणि तो धोका टळला.

पण ही सारी वाट होती माणसांची आणि खेचरांची. खेचर पायऱ्याही चढते. चाकाला ते जमत नाही. दहा मीटर चालल्यावर एक मीटर उंची गाठणाऱ्या चढावर १००० किलो वजनाची गाडी नुसती थोपवून धरायलाही सुमारे १०० किलो वजनाइतकी ओढ लागते. चढ दुप्पट केला की ओढही जवळजवळ दुप्पट. म्हणून घोडागाडीसाठी सौम्य चढाचा, रुंद रस्ता नव्याने आखावा लागला. १८३० साली जुन्या पुलाच्या वरच्या बाजूला दुसरी दगडी कमान उभी राहिली. खिंडीच्या दक्षिण उतारावर त्याच रस्त्याला दोन डझन तीव्र वळणे घ्यावी लागली.

जुना पूल मग वापराविना उभा राहिला. १८८८ सालच्या वादळी पावसात तो कोसळला. आज त्याचे अवशेष तेवढे दिसतात.

मोटारी आल्यावर १८३०चा पूलही अपुरा पडला. १९५८ साली तिसरा पूल झाला आणि दुसरा पादचारी व सायकलस्वारांसाठी उरला. पुढे १९८० साली खिंडीखालून जवळजवळ १७ किलोमीटरचा रस्ता-बोगदा सुरू झाला. आता बहुतेक वाहने घळीत येतच नाहीत.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एक मीटर लांबीच्या फळीचे टोक १० सेंटिमीटर उचला. खेळण्यातली, चाके सहज फिरणारी गाडी ताणकाट्याने फळीवर धरून ठेवा आणि वाचन घ्या. मग टोक २० सेंटिमीटर उचलून पुन्हा वाचन घ्या. आता मुलांना विचारा : २० सेंटिमीटर उंची गाठायची, पण ओढ मात्र पहिल्याइतकीच ठेवायची, तर फळी किती लांब हवी? घाटातला रस्ता वळणावळणाने का जातो, याचे उत्तर त्यांना आपोआप सापडेल.