हिवाळा नसलेल्या देशातला गोठा

दूधधंदा आणि बर्फाळ हिवाळा ही उत्तर गोलार्धातली जुनी जोडी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटामधील गोपालकांच्या घरची मुले वर्षातले चार-पाच महिने बर्फात काढतात. गुरे गोठ्यात बांधलेली, वैरण माळ्यावर रचलेली आणि कामे उरकली की घसरगाडी घेऊन टेकडीवर, असा त्यांचा दिवस. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. ३१ जानेवारी १९३४ रोजी तेथे पारा १९.४ अंशांपर्यंत उतरला आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पाया लेबार येथे १९ अंशांपर्यंत. थंडीचा याहून मोठा पराक्रम त्या बेटाच्या नावावर नाही. पुण्यात डिसेंबरातल्या साध्यासुध्या पहाटेही याहून जास्त गारठा असतो. तरीही या बेटावर दीडशेहून अधिक वर्षे दुभती जनावरे बांधली गेली, बर्फही विकला गेला आणि मुलांच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. हा बर्फ आधी जहाजातून आला आणि मग यंत्रातून निघाला, एवढाच फरक.

पहिला बर्फ आला तो शेतकऱ्यांच्याच हिवाळ्यातून. मॅसेच्युसेट्समधली तळी जानेवारी-फेब्रुवारीत गोठली की शेतावर काम नसलेले गडी आणि रिकामे घोडे तळ्यावर जात. घोड्याला जुंपलेल्या नांगरासारख्या अवजाराने बर्फावर चौकटी आखायच्या, करवतीने लाद्या कापायच्या आणि लाकडाच्या भुश्यात बुजवून जहाजावर चढवायच्या, असा तो उद्योग होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तो जगभर नेला. १८३३ मध्ये त्याचे ‘टस्कनी’ हे जहाज कलकत्त्याला लागले, तेव्हा चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता. पाठोपाठ तो मुंबईलाही आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवले आणि खाणाऱ्यांना पडसे झाले, असे सांगतात.

सिंगापुरात हे धाडस होऊ आह के या व्यापाऱ्याने केले. ‘व्हाम्पोआ’ या नावाने ओळखला जाणारा हा गृहस्थ बंदरात येणाऱ्या जहाजांना मांस, भाजी आणि पाव पुरवत असे. १८५४ मध्ये नदीकाठी त्याचे बर्फघर उभे राहिले आणि अमेरिकेतला बर्फ तेथे साठवला जाऊ लागला. गिऱ्हाईक थोडे, वितळणे फार, अशा हिशेबात तो धंदा फायद्यात आला नाही. पुढे बर्फ यंत्रावर तयार होऊ लागला आणि जहाजांची गरजच उरली नाही. मात्र कुठल्यातरी शेतमजुराने हिवाळ्यात कापलेली लादी अर्ध्या जगाला वळसा घालून विषुववृत्ताशेजारी विकली जात होती, ही गोष्ट नुसती मौजेची नाही. थंडी हा विकत घेण्याचा माल आहे, हे सिंगापूरने तेव्हाच ओळखले. पुढे शीतगृहांवर उभा राहिलेला दूधधंदा या ओळखीवरच चालला.

दुधाची बाजू मात्र भारतीयांच्या हातात होती. एकोणिसाव्या शतकात सेरांगून रस्त्याच्या परिसरात पाणी आणि गवत भरपूर होते. रोचोर नदीकाठच्या सखल जमिनीत म्हशींना डुंबायला डबकी मिळत. तमिळ आणि उत्तर भारतीय गवळ्यांनी तेथे गोठे बांधले. कलकत्त्याहून आलेला ज्यू व्यापारी आय. आर. बेलिलिओस याने गुरांचा व्यापार वाढवला. हे सारे आज नकाशावर वाचता येते. बफेलो रोड, केर्बाऊ रोड आणि लेम्बू रोड हे रस्ते अजून आहेत. मलय भाषेत केर्बाऊ म्हणजे म्हैस आणि लेम्बू म्हणजे गुरे. बेलिलिओसच्या नावाचीही गल्ली आहे. ‘कांडांग केर्बाऊ’ म्हणजे तर म्हशींचा गोठाच. पण हे नाव मिळाले प्रसूतिगृहाला. १९६६ या एका वर्षात तेथे जवळपास ४० हजार बाळे जन्मली आणि जागतिक विक्रमाच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. सिंगापूरकरांची एक अख्खी पिढी आपला जन्म ‘केके’मध्ये झाल्याचे सांगते, तेव्हा तिच्या तोंडी नकळत गोठाच येतो.

गवळ्याच्या घरातल्या मुलांना सुट्टी अशी नव्हतीच. पहाटे धार, मग घरोघरी रतीब, दुपारी गवत कापून भारे आणणे आणि संध्याकाळी पुन्हा धार. काही गवळी गाय दारात नेऊन गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत. पाणी घातल्याचा संशयच नको. दुधातल्या भेसळीवर नगरपालिकेचे अधिकारी डोळा ठेवून असत. शहर वाढले, दलदली बुजवल्या गेल्या, आरोग्य खात्याला वस्तीतले शेण खपेना आणि १९३० च्या दशकापर्यंत सेरांगूनचा गुरांचा व्यवसाय ओसरला. गोठे बेटाच्या कडेकडेने सरकत गेले.

याच सुमारास धंद्याचा दुसरा, अगदी वेगळा अवतार आला. १९०३ मध्ये स्थापन झालेली सिंगापूर कोल्ड स्टोरेज ही कंपनी १९०५ पासून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडहून गोठवलेले मांस आणि लोणी आणून विकत होती. १९२३ मध्ये तिने आइस्क्रीम बनवायला घेतले. फ्रेड हेरॉन हा अमेरिकी माणूस तिचा कारभार पाहत होता. १९२९ च्या सुमारास कंपनीने बुकित तिमाहच्या डोंगरउतारावर स्वतःचा गोठा उभारला. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ मध्ये ज्या रानात भुंगेरे गोळा करत हिंडला होता, तेच हे रान. तेथे आणल्या गेल्या काळ्या-पांढऱ्या फ्रीजियन गाई.

फ्रीजियन ही उत्तर समुद्राच्या काठची जात. शून्याच्या आसपासची थंडी तिला बाधत नाही. कोठीपोटात वैरण आंबताना जी उष्णता तयार होते, तीच तिला पुरते. पण पारा २५ अंशांच्या वर गेला आणि हवेत दमटपणा असला की ती धापा टाकते, चारा सोडते आणि दूध आटते. सिंगापुरात दुपारचा पारा बाराही महिने ३१-३२ अंशांवर असतो. त्यामुळे सावलीचा गोठा, चहूकडून वारा, हाताशी पाणी आणि कापून आणलेली वैरण यांवरच तिचा संसार. हॉलंडमधला शेतकरी गुरांना हिवाळ्यापुरते आत घेतो आणि वसंतात कुरणावर सोडतो, तेव्हा गाई उड्या मारतात. विषुववृत्ताजवळच्या फ्रीजियनला असा वसंत येत नाही. तिचे सगळे वर्ष म्हणजे एक लांबलेला हिवाळाच, फक्त बाहेर बर्फाऐवजी ऊन.

दूध टिकवायलाही हिवाळा लागतो. नुकतेच काढलेले दूध गाईच्या अंगाइतके, म्हणजे साडेअडतीस अंशांच्या आसपास गरम असते. थंड देशात कासंडी बर्फात रोवली की काम होते. सिंगापूरच्या हवेत तेच दूध काही तासांत नासते. म्हणून निर्जंतुक करणे, शीतगृहात ठेवणे आणि गारच घरपोच करणे, ही साखळी कंपनीने उभी केली. १९३० च्या दशकात रूढ झालेले ‘मॅग्नोलिया’ हे नाव या साखळीचेच. मात्र ताजे दूध परवडणारी घरे थोडी होती. बहुतेकांच्या घरी आणि कॉफीच्या दुकानांत डब्यातले गोड आटीव दूधच चाले आणि तान्ह्या मुलांनाही तेच पाजले जाई. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे यावर ‘मिल्क अँड मर्डर’ या मथळ्याचे भाषण केले. साखरेचे हे दूध बाळांचा जीव घेते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. फेब्रुवारी १९४२ मध्ये बुकित तिमाहची लढाई या गोठ्याच्या परिसरातूनच सरकली आणि शहर जपान्यांच्या हाती गेले. साडेतीन वर्षे टॅपिओकावर दिवस काढणाऱ्या मुलांना दूध आणि आइस्क्रीम दिसणे कठीणच होते.

युद्धानंतरची दोन-तीन दशके हा या मागोव्यातला मुलांच्या दृष्टीने सर्वांत भरलेला काळ. सिंगापूरला हिवाळा नसला तरी वर्षअखेरीस ईशान्य मान्सून येतो. सैबेरिया आणि चीनकडून सुटलेली थंड हवा दक्षिण चिनी समुद्रावरून ओल घेऊन येते. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही आणि पारा २२-२३ वर उतरतो. शाळांची मोठी सुट्टीही नेमकी नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरपर्यंत. गुरे पाळणाऱ्या घरांत हे दिवस दुहेरी असत. ओल्या गवताने जनावराचे पोट फुगते, चिखलाने खूर कुजतात, कासेला सूज येते आणि डास बेजार करतात. दुसरीकडे तुडुंब नाले, मासे आणि चिखल असा ऐवज मुलांच्या हाती येई. पाऊस नेहमी असा खेळकर नसे. २ डिसेंबर १९७८ रोजी पाया लेबारला चोवीस तासांत ५१२.४ मिलिमीटर पाऊस पडला, सखल वस्त्या बुडाल्या आणि हजारो डुकरे-कोंबड्या वाहून गेल्या.

बर्फ मात्र बाराही महिने मिळे, आणि तो मुंबईच्या मुलाला लगेच ओळखू येईल असा: गोळा. फेरीवाल्याकडे पाते बसवलेली लाकडी फळी असे. त्यावर तो बर्फाचा तुकडा पुढेमागे घासे आणि खाली पडलेला भुगा तळहातांत दाबून चेंडू करे. मागितल्यास पोटात लाल चवळीसारखे गोड उकडलेले दाणे भरे. मग लाल, हिरवे पाक आणि ताडगूळ. पाच-दहा सेंटांत हा ऐवज हातात पडे; काडी नाही, वाटी नाही, नुसत्या तळव्यावर. बोटे बधिर होत, पाक कोपरापर्यंत ओघळे आणि खालून चोखत चोखत घर गाठायचे. वर डब्यातल्या आटीव दुधाची धार हवी असेल तर जादा पैसे. हिमवर्षावाचा सिंगापुरी मुलांच्या पदरात पडलेला वाटा हाच, आणि तो काही कमी नव्हता. मॅग्नोलियाचे आइस्क्रीम ही त्याहून वरची पायरी. शाळेत दिल्या जाणाऱ्या दुधाबद्दल मात्र त्या पिढीतल्या अनेकांचे मत अजूनही बरे नाही.

१९७० नंतर घरे, कारखाने आणि जलाशय यांना जमीन हवी होती. बुकित तिमाहचा गोठा बंद झाला. १९८४ मध्ये सरकारने डुक्करपालन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि दशकाच्या अखेरीस ते संपलेही. अशाच एका वराहपालक कुटुंबाने १९८८ मध्ये ‘हे डेअरीज’ हा शेळ्यांचा फार्म सुरू केला आणि शेळ्या आणल्या त्या थेट मिनेसोटाहून. सानेन आणि टोगेनबर्ग या स्वित्झर्लंडच्या खोऱ्यांतल्या जाती, आल्प्समधली अल्पाइन आणि लांब कानांची न्यूबियन. बर्फाचा मुलूख सोडून आलेल्या या शेळ्या वायव्येकडच्या लिम चू कांगमध्ये रुळल्या. सकाळी धारेच्या वेळी त्या ओळीने चौथऱ्यावर चढतात, गजांतून मान घालून खुराकावर तुटून पडतात आणि मागे यंत्राच्या नळ्या कासेला लागतात. शाळेच्या सहलीतली मुले काचेला नाक लावून हे बघतात आणि मग गवताची जुडी विकत घेऊन शेळ्यांना चारतात. अनेकांनी दुभते जनावर पहिल्यांदा पाहिले ते इथेच.

गाईंचे थोडे गोठे याच भागात भारतीय कुटुंबांनी टिकवले. जानेवारीच्या मध्यावर, आपल्याकडे संक्रांतीचा तीळगूळ चाललेला असतो तेव्हा, तमिळ मंडळींचा पोंगल येतो. त्या दिवसांत लिटल इंडियात, म्हणजे त्याच जुन्या सेरांगून परिसरात, गाई-वासरे आणून बांधतात. शिंगांना रंग, गळ्यात माळा, आणि मुलांची घास भरवायला झुंबड. एके काळी या रस्त्यांवरून गुरे हाकलली गेली होती; आता काही दिवसांसाठी त्यांना मानाने आणले जाते.

बर्फाचीही वेगळी सोय झाली. २००० साली जुरोंगमध्ये सायन्स सेंटरशेजारी ‘स्नो सिटी’ उघडली. उणे पाच अंशांचे ते बंद दालन. दारात जाड कोट आणि बूट मिळतात आणि रबरी चकतीवर बसून मुले उतारावरून खाली येतात. दर खेळाला ठरावीक मिनिटे. घंटा झाली की बाहेर पुन्हा ३१ अंश आणि चष्म्यावर वाफ. डिसेंबरात काही व्यापारी संकुलांत छतावरून साबणाच्या फेसाचा ‘हिमवर्षाव’ करतात, त्यात पोरे चिंब होतात.

कोल्ड स्टोरेजच्या जुन्या गोठ्याच्या आवारात २००९ मध्ये ६३ हेक्टरांचे डेअरी फार्म नेचर पार्क खुले झाले आणि गुरांच्या एका जुन्या शेडमध्ये वॉलेसच्या नावाचे निसर्गशिक्षण केंद्र आले. आसपासच्या रस्त्यांना आणि इमारतींना डेअरी फार्मचेच नाव आहे. २०१८ मध्ये जर्मन युरोपियन स्कूल तेथे, डेअरी फार्म लेनवर, राहायला आले. ख्रिसमसच्या सुट्टीत तिथली काही मुले आजोळी बर्फ पाहायला जातात आणि जानेवारीत परत येतात, तेव्हा बुकित तिमाहवर पाऊस सुरूच असतो.